हीटर कोअर: फ्लश करावा की बदलावा?

हीटर कोअर म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि केबिनची हवा तापते. हीटर थंड हवा फेकत असेल, तर इंजिन गार असताना आधी कूलंटची पातळी बघा. मग इंजिन तापल्यावर फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे) दोन्ही हीटर पाइप जपून चाचपा. एक गरम, दुसरा कोमट? कोअर बहुधा तुंबलाय. (दोन्ही गरम असतील तर दोष बहुधा गरम-थंड हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा.)

नुसता तुंबलेला असेल तर मी आधी फ्लशच सांगेन. पाइप सोडवून उलट दिशेने हलक्या दाबाने पाणी सोडायचं, गढूळपणा जाईपर्यंत. जोर लावला तर जुना कोअर फुटतो. नंतर कूलंट भरून आत अडकलेली हवा काढायलाच हवी.

बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी जड जाते. तरीही पायाशी ओल, केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट धुकं दिसलं, तर कोअर गळतोय; फ्लशमध्ये पैसे घालू नका, कोअर बदलाच.