डिंगलमधलं नसलेलं घर

पाच वर्षं डब्लिनमध्ये राहून, इथल्याच पगारावर जगून मी फसलो, हे घरच्यांसमोर कबूल करायलाच दोन दिवस लागले. तरी लिहितोय, कारण येत्या उन्हाळ्यातही कुणीतरी पुण्याहून आलेल्या आई-बाबांना गाडीत घालून आयर्लंडचा पश्चिम किनारा दाखवायला निघणार आहे.

वाइल्ड अटलांटिक वे म्हणजे कॉर्कमधल्या किन्सेलपासून वर डोनेगलपर्यंत सुमारे २५०० किलोमीटरचा रस्ता. तो सगळा कोण करतो! आम्ही फक्त त्यातला केरी हा जिल्हा धरला होता. डिंगलला तीन रात्री, शनिवार १० ऑगस्ट २०२४ पासून. हॉटेल नकोच होतं, कारण श्रावण लागलेला आणि आईला स्वतःचा कुकर लावायचा होता. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर शोधलं. एका बुकिंग साइटवर मिळालं: पांढऱ्या भिंती, खिडकीतून समुद्र, तीन रात्रींचे ७२० युरो. ऑगस्टमधल्या डिंगलला हा भाव जरा कमीच आहे, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मला मात्र आपलं नशीब चांगलं वाटलं.

चौकशी केली तर मालकाने साइटवरच नंबर दिला आणि व्हॉट्सॲपवर बोलावलं. माणूस अगदी गोड. आईला गुडघेदुखी आहे म्हटल्यावर खालची खोली तयार ठेवतो म्हणाला. मग म्हणाला, साइटचं कमिशन वाचेल, थेट खात्यावर भरलंत तर १५ टक्के सूट. म्हणजे ६१२ युरो. १०८ युरो वाचतायत म्हटल्यावर माझ्यातला पुणेकर जागा झाला, दुसरं काय.

त्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, एलटीने सुरू होत होता, म्हणजे खातं लिथुआनियातलं. केरीतल्या घरमालकाचं खातं लिथुआनियात कशाला? पण ॲपवाल्या बँकेतलं माझं स्वतःचं खातंही बरीच वर्षं एलटीचंच होतं, त्यामुळे शंका आली नाही. एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, मागितला तर म्हणाला, गावाकडचा रस्ता आहे, एअरकोड नीट चालत नाही, लोकेशन पाठवतो. इथे मी खरा मूर्ख ठरलो. एअरकोड २०१५ साली आला तो अशाच घरांसाठी, ज्यांना ना नंबर ना गल्लीचं नाव. सात अक्षर-अंकांचा कोड, प्रत्येक घराचा वेगळा. स्वतःच्या घराचा एअरकोड न देणारा मालक म्हणजे सातबारा न दाखवता जमीन विकणारा.

शनिवारी वाटेत इंच बीचवर थांबलो. तिथे गाड्या थेट वाळूवर नेतात, बाबा त्यावरच खूश. डिंगल ओलांडून व्हेंट्रीच्या बाजूला लोकेशनवर पोचेपर्यंत पावणेनऊ झाले. ऑगस्टमुळे उजेड होता म्हणून बरं. समोर दगडी गडगा, लोखंडी फाटक आणि मेंढ्या. घर नाही. फोन बंद. ट्रॅक्टरवाले एक काका थांबले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एअरकोड काय आहे?"

गावात परत आलो तर बी अँड बींच्या (राहणं आणि नाश्ता देणाऱ्या घरांच्या) दारात ‘नो व्हेकन्सीज’च्या पाट्या. त्याच दिवशी किलॉर्ग्लिनला पक फेअर सुरू झालेली. दरवर्षी १० ते १२ ऑगस्टला भरणारी ही जुनी जत्रा, त्यात रानबोकडाला राजा करतात. अशा दिवसांत केरीत ऐनवेळी खोली शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधणं. पबचं किचन नऊला बंद झालेलं, बार मात्र चालू. आईने बटाट्याचे वेफर्स आणि चहा घेतला. एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

शेवटी पन्नासेक किलोमीटरवर ट्रलीला दोन खोल्या मिळाल्या, रात्री अकराला, २६० युरोंना. सकाळी मालकीणबाईंनी आयरिश ब्रेकफास्ट मांडला. रॅशर्स (बेकनचे काप), सॉसेज, डुकराच्या रक्ताचं ब्लॅक पुडिंग. आईने ताट हळूच बाबांकडे सरकवलं. तिला पॉरिज आणि ताक घालून केलेला सोडा ब्रेड मिळाला, तो तिने दोनदा मागून घेतला.

बाबा मात्र खाता खाता माझ्या फोनवर त्या घराचे फोटो मोठे करून बघत होते. एमएसईबीतून निवृत्त झालेला माणूस. म्हणाले, "अरे, हे घर इथलं नाहीच. ओट्यावरचं सॉकेट बघ." गोल खोबण, दोन भोकं. इथे सगळीकडे तीन चौकोनी पिनांचं सॉकेट, आपले अडॅप्टर आदल्या आठवड्यात त्यासाठीच आणले होते. मी तो फोटो वीसेकदा पाहिला असेन, पण फक्त खिडकीतला समुद्र.

गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, स्टेशनात तक्रार दिली, त्यांनी चॅट आणि पावतीच्या प्रती घेतल्या. बँकेने पैसे परत मागवून पाहिले, पण खातं तोवर रिकामं. हेच पैसे साइटवरून कार्डाने भरले असते तर चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाचे पैसे परत मिळवण्याचा, दावा तरी करता आला असता. मी स्वतःच्या हाताने पाठवलेले, सुमारे ५६ हजार रुपये.

साइटने ती जाहिरात काढली. तीन आठवड्यांनी सहज शोधलं तर तेच घर दुसऱ्या नावाने हजर, या वेळी क्लिफडनजवळ, कॉनेमारात. खिडकी तीच, समुद्र तोच. ओट्यावरचं सॉकेट मात्र फोटोतून कापलेलं.