मोठ्या ऑपरेशननंतर फुफ्फुसाची सोनोग्राफी: काही महिन्यांच्या वापरानंतर

श्वासाचा त्रास होणार का, हे ऑपरेशननंतरच्या एकाच स्कॅनवरून कळत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या स्कॅनशी ताडून पाहिलं तर बऱ्यापैकी कळतं. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत राबलेला पेशंट किंवा खानापूरकडची जन्मभर चुलीपुढे बसलेली आजी, यांच्या बी-लाइन्स (फुफ्फुसात पाणी किंवा दाटपणा असला की स्कॅनमध्ये दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) आधीच्याच असू शकतात. सगळ्यांना स्कॅन करायला वेळ नसेल, तर अरिस्कॅट स्कोअर (ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा त्रास होण्याचा धोका आधीच सांगणारे गुण) 26 किंवा वर असलेले आधी घ्यावेत.

स्कॅनचा स्कोअर असा: दोन्ही बाजूंचे मिळून छातीचे 12 भाग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त 36. दोनपर्यंत बी-लाइन्स 0, तीन किंवा जास्त सुट्या असतील तर 1, एकमेकींत मिसळल्या तर 2, फुफ्फुस लिव्हरसारखं घट्ट दिसलं तर 3. भूल दिल्यानंतर फुफ्फुस मिटतं ते बहुधा पाठीकडे. पेशंटला कुशीवर करायचा कंटाळा केला, की स्कोअर खोटा चांगला येतो. मशीनमधली हार्मोनिक आणि कंपाउंड ही चित्र सुधारणारी सेटिंग्ज बंद ठेवा. त्यांनी चित्र गुळगुळीत होतं आणि बी-लाइन्स पुसट होतात.

आमच्या मते खरी किंमत डायफ्रामची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूच्या पडद्याची. कर्व्ह प्रोब उजव्या बरगडीखाली, लिव्हरच्या खिडकीतून, एम-मोडवर (हालचालीचा आलेख दाखवणारा मोड). शांत श्वासात हालचाल 1 सेंमीपेक्षा कमी दिसली तर सावध व्हावं. डावीकडे जठरातला गॅस आडवा येतो. वरच्या पोटावर चीर असली की ड्रेसिंगमुळे प्रोब टेकत नाही. मग बगलेच्या रेषेत आठव्या-नवव्या बरगडीमधून लिनिअर प्रोबने जाडी मोजायची. श्वास घेतल्यावर जाडी 20 टक्केसुद्धा वाढत नसेल, तर स्नायू धड काम करत नाही. व्हेंटिलेटर श्वास ढकलत असताना हालचाल मोजून उपयोग नाही. टाके दुखत असले तरी श्वास अर्धाच येतो, तेव्हा आधी वेदना कमी करा. कानडी पेशंटला ‘जोरागि उसिरु तगोळ्ळि’ (जोरात श्वास घ्या) एवढं तरी सांगता यायला हवं, नाहीतर मोजमाप वाया.

पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याचा, जाच सोनोग्राफी मशीनला आहेच. पोर्टेबल असलं तरी मशीन नोंदणीच्या आवाराबाहेर नेता येत नाही. चंदगडला जरा बघून येऊ, हे चालणार नाही.

स्कोअर चढला आणि डायफ्राम मंदावला, की एक्स-रेची वाट न पाहता पेशंटला बसतं करा, खोकायला लावा, फिजिओला बोलवा आणि सलाइनचा हिशेब पुन्हा तपासा.