रक्ताचा आजार आणि त्यात प्रोस्टेट: संभाजीनगरातल्या एका लघवीच्या डॉक्टरांचा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगतो. ज्याला रक्ताचा जुनाट कॅन्सर आहे आणि वरून प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, त्रास सुरू झालाय, त्यानं छत्रपती संभाजीनगरातल्या या डॉक्टरांकडं जरूर जावं. डॉक्टरांसाठी जावं. क्लिनिकच्या बाकीच्या कारभारावर माझी नाराजी आहे. ती खाली सविस्तर लिहिलीय, म्हणून नाव इथं टाकत नाही.

मी 67 वर्षांचा. वीज मंडळात लाइनमन होतो, आता सेलूला घरीच असतो. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साधी रक्ततपासणी केली, त्यात पांढऱ्या पेशी 38 हजार निघाल्या. पुढं फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रक्तातल्या पेशी ओळखायची तपासणी, झाली आणि सीएलएल असल्याचं कळलं, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, रक्ताचा जुनाट कॅन्सर. हा आजार बहुतेक उतारवयात होतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. प्रोस्टेट वाढायचं वयही तेच. त्यामुळं दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या वाट्याला येतात यात नवल नाही. पहिली काही वर्षं औषध नव्हतं, नुसतं लक्ष ठेवणं होतं. मग मानेतल्या, काखेतल्या गाठी वाढल्या, हिमोग्लोबिन उतरायला लागलं, तेव्हा रक्ताच्या डॉक्टरांनी इब्रुटिनिब ही सीएलएलवरची गोळी सुरू केली, रोज 420 मिलिग्रॅम. रक्ताचं त्यावर चांगलं चाललंय.

लघवीचं मात्र बिघडलं. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही, आणि रात्री चार-पाचदा उठणं. त्यात एकदा थंडी वाजून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. जवळच्याच एका ठिकाणी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, काढला, तो 7.2 आला. आकडा बघून तिथं थेट बायोप्सीची, म्हणजे सुईनं प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायची, तारीख दिली. इब्रुटिनिबची चिठ्ठी समोर होती, त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. पोरगं म्हणलं, बाबा, असं नको, आपण संभाजीनगरला दाखवू.

इथं पहिल्या भेटीत डॉक्टरांनी लघवीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि रक्ताची फाइल मागितली. सगळी वाचली. मग एकेक प्रश्न. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, किती आहेत? ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हृदयाचे ठोके अनियमित होतात का? अंगातल्या अँटिबॉडीची, आयजीजीची तपासणी कधी झाली? वर्षात किती वेळा सर्दी-खोकला, न्यूमोनिया? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय की बाकी आहे? शेवटचा प्रश्न मला कळला नव्हता, त्याचं पुढं लिहितो. सगळं विचारून झाल्यावर माझ्यासमोरच त्यांनी माझ्या रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं चांगलं दहा मिनिटं बोलले. मी हे क्लिनिक इतरांना सांगतो ते या फोनसाठी. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत, तर आपल्यासारख्या माणसाचा जीव मधल्यामध्ये अडकतो.

का, ते त्यांनी साध्या भाषेत समजावलं. इब्रुटिनिबवर असताना प्लेटलेटचा आकडा चांगला दिसला तरी प्लेटलेटचं काम कमी झालेलं असतं, रक्त लवकर थांबत नाही. म्हणून सुई टोचायची किंवा कापायचं काही असलं तर त्याच्या 3 ते 7 दिवस आधी गोळी थांबवतात आणि नंतरही तितके दिवस बंद ठेवतात. किती दिवस, हे रक्ताचे डॉक्टरच ठरवणार. आपल्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

दुसरं जंतुसंसर्गाचं. प्रोस्टेटची बायोप्सी पूर्वीपासून गुदद्वारातून सुई घालून करतात. तिथले जंतू सुईबरोबर आत जायची भीती सगळ्यांनाच असते. सीएलएलमध्ये अंगातल्या अँटिबॉडी कमी पडतात, त्यामुळं आपल्यासारख्या सीएलएलवाल्यांना जास्त. अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या कातडीतून सुई घातली तर संसर्गाचा धोका कमी राहतो. हे डॉक्टर तशीच बायोप्सी करतात, आणि त्याच्याही आधी एमआरआय करून बघतात की सुई घालायची खरंच गरज आहे का.

तिसरी गोष्ट अँटिबायोटिकची. लघवीच्या संसर्गाला आपल्याकडं सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतात, मेडिकलवाला तर चिठ्ठी नसली तरी देतो. ती गोळी इब्रुटिनिबचं अंगातलं प्रमाण वाढवते. डॉक्टरांनी लघवी कल्चरला पाठवली, आणि जी औषधं लागू पडतात असं आलं त्यातलं इब्रुटिनिबबरोबर चालणारं एक निवडलं. कोर्स पूर्ण करायला लावला आणि पीएसए लगेच करायला मनाई केली. संसर्ग असला, लघवी तुंबली, नळी घातली, तरी पीएसए चढतो. उतरायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. आठ आठवड्यांनी केला तर 3.4 आला. माझी बायोप्सी टळली. एमआरआयचीही तूर्त गरज नाही म्हणाले, पण पीएसए दर सहा महिन्यांनी करायचा.

मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, साहेब, रक्तातला कॅन्सरच खाली प्रोस्टेटमध्ये उतरला असेल का? त्यांनी प्रश्न झटकला नाही. म्हणाले, काका, सीएलएलच्या पेशी प्रोस्टेटमध्ये जाऊन बसू शकतात, कधी कधी ऑपरेशन करून काढलेल्या तुकड्यात त्या सापडतात. पण तुमच्या वयात प्रोस्टेट वाढते ती बहुतेक वेळा वयामुळंच. पीएसए प्रोस्टेटच्या पेशी बनवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनवत नाहीत. आणि सीएलएलच्या पेशंटला दुसरा एखादा कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून एकदा चांगला रिपोर्ट आला की विसरून जायचं नाही. घाबरवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही. इतकं सरळ उत्तर मला आधी कुणी दिलं नव्हतं.

तपासण्यांबद्दल. लघवीच्या त्रासाबद्दलच्या सात प्रश्नांचा मराठीत छापलेला कागद भरून घेतात, एकूण 35 गुण. 7 पर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 आणि त्यावर गंभीर. माझे 21 आले. मग धारेची तपासणी, म्हणजे मशीनला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची आणि वेग कागदावर उमटतो. यासाठी लघवी चांगली भरलेली लागते, निदान 150 मिलिलीटर व्हावी लागते, नाहीतर आकडा विश्वासाचा नसतो. खोली वेगळी आहे, आत कुणी उभं राहत नाही, घाई करत नाहीत. माझा वेग सेकंदाला 8 मिलिलीटर निघाला, 10 च्या खाली म्हणजे अडथळ्याची शंका. सोनोग्राफीत प्रोस्टेट 48 सीसी आणि लघवी करून झाल्यावर आत उरलेली 110 मिलिलीटर. सोनोग्राफी करतानाच पाणथरी (स्प्लीन) आणि पोटातल्या गाठीही बघायला सांगितल्या, कारण त्या गाठींनी किडनीकडून येणारी नळी दाबली गेली तर उपचार वेगळे. माझ्या तशा नव्हत्या. तपासणीची फी 700, पंधरा दिवसांत परत दाखवलं तर पैसे घेत नाहीत. धारेच्या तपासणीचे 600. सोनोग्राफीचे वेगळे.

प्रोस्टेटसाठी औषध एकच दिलं, टॅम्सुलोसिन 0.4 मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना गरगरतं, म्हणून आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. आणि डोळ्याचा प्रश्न यासाठीच होता: ही गोळी चालू असली तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळ ढिलं पडतं, डोळ्याच्या सर्जनला आधी माहीत असावं लागतं. माझा उजवा डोळा बाकी आहे. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठीच लिहून दिली, तीत टॅम्सुलोसिन आणि इब्रुटिनिब दोन्ही. तीन महिन्यांनी गुण 21 वरून 11 वर आले, उरलेली लघवी 40 वर आली, रात्री एकदा, फार तर दोनदा उठतो. दिवसा जी मरगळ यायची ती पुष्कळ कमी झाली. डॉक्टर म्हणाले होते तेच खरं निघालं, की रात्रभर झोपमोड झालेला माणूस दिवसा थकणारच, सगळा थकवा रक्ताच्या नावावर टाकू नका.

एक सूचना तर रक्ताचा आजार आणि प्रोस्टेट दोन्ही असलेल्या आपल्या प्रत्येक माणसानं खिशात लिहून ठेवावी. आपल्याला अँटिबॉडी कमी म्हणून सर्दी सारखी होते. सर्दी झाली की आपण मेडिकलवरून गोळी आणतो. त्या गोळीतलं नाक मोकळं करणारं औषध आणि झोप आणणारं औषध, दोन्हींमुळं प्रोस्टेटवाल्याची लघवी अडू शकते. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही. ताप 100.4 च्या वर गेला, लघवी पूर्ण अडली किंवा लघवीत रक्त दिसलं तर वाट बघायची नाही. रक्त आलं तर इब्रुटिनिबमुळं असेल म्हणून सोडून द्यायचं नाही, तपासायचंच. हे त्यांनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर हातानं लिहून दिलंय.

परतीच्या गाडीत परतूरचे एक गृहस्थ भेटले, पन्नाशीचे, ते याच डॉक्टरांकडून येत होते. त्यांना सीएमएल आहे, हाही रक्ताचा जुनाट कॅन्सरच, त्यावर इमॅटिनिब घेतात. हे औषध आपल्या देशात स्वस्तात मिळत राहिलं ते 2013 साली सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून, हे त्यांनाच चांगलं पाठ होतं. तेही रात्री सारखे उठत होते. डॉक्टरांनी त्यांना औषध देण्याआधी तीन दिवस लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसकट लिहून आणायला लावली. निघालं असं, की दिवसा थोडी आणि रात्री भरपूर. इमॅटिनिबनं त्यांचे पाय सुजतात, आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. प्रोस्टेट त्यांची फारशी वाढलेली नव्हतीच. दुपारी पाय वर करून पडायला सांगितलं आणि सुजेचं रक्ताच्या डॉक्टरांना कळवलं. प्रोस्टेटची गोळी चिकटवून फी घेता आली असती, ती त्यांनी घेतली नाही.

आता नाराजी. बसायची खोली लहान आणि गर्दी दाट. अपॉइंटमेंटची वेळ अकराची, नंबर दीड वाजता. शेजारी कुणी खोकत असतं, आणि आपल्याला तेच टाळायचं असतं. डॉक्टरांनी काउंटरला सांगून ठेवलंय की मला बाहेर व्हरांड्यात बसू द्यायचं आणि नंबर आल्यावर बोलवायचं. काउंटरवर मुलगा असला तर बोलवतो, तिथली मुलगी असली तर नंबर निघून जातो. काउंटरवरून मोठ्यानं आजार पुकारतात, "प्रोस्टेटचे काका, या". भरलेल्या खोलीत बाया-माणसं बसलेली असतात. नाव घ्यावं, आजार कशाला? लघवीच्या दवाखान्यात पेशंटसाठी संडास एकच, आणि त्याची कडी तुटलेली. हे मला अजिबात पटलं नाही.

सगळ्यात गंभीर तक्रार खालच्या मेडिकलची. तिथं टॅम्सुलोसिनऐवजी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड (प्रोस्टेटचंच दुसरं औषध) एकत्र असलेली गोळी दिली, "तेच आहे, जास्त चांगलं" म्हणून. पोरानं पाकीट वाचलं आणि वर नेऊन दाखवलं. डॉक्टर खाली आले आणि सगळ्यांसमोर बदलून घेतली. ड्युटास्टेराइडनं सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो. कुणालाच माहीत नसतं तर माझा पुढचा पीएसए खोटाच चांगला दिसला असता. औषध घेतलं की दुकानातून निघायच्या आधी चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

बाहेरगावच्यांनी एसटीपेक्षा रेल्वेनं यावं, डब्यात संडास असतो. आम्ही सेलूहून सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं येतो. येताना रक्ताचे जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आयुर्वेदिक काढा-चूर्ण घेत असाल तर तेही आणा, ते सगळं बघतात. पहिल्या भेटीनंतर रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले तर संध्याकाळी सातनंतर स्वतः उत्तर देतात.

कडीचं आणि नावाऐवजी आजार पुकारण्याचं मी त्यांच्या सूचनावहीत लिहून, खाली सही करून आलोय. पुढच्या पीएसएला गेलो की काय बदललं ते इथं कळवतो.