फुकटच्या सेटिंगचे वार्षिक भाडे

घरच्या वाय-फायवर अश्लील साइट उघडू नयेत असे पालकांना वाटते आणि ते योग्यच आहे; मात्र याच काळजीचा फायदा घेऊन आमच्याकडून पैसे कसे उकळले गेले, हे इतरांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मुलगा सहावीत गेला, गृहपाठ ऑनलाइन येऊ लागला, तेव्हा ओळखीतून एक तंत्रज्ञ घरी आला. परदेशी कंपनीचे लायसन्स आहे, त्यातली यंत्रणा प्रत्येक चित्र तपासते, वर्षाचे ४,८०० रुपये पडतील, असे त्याने सांगितले. स्वतःच्या मोबाइलवरून त्याने राउटरमध्ये काही बदल केले, आमच्या लॅपटॉपवर एक नको ती साइट उघडत नसल्याचे दाखवले आणि शेवटी राउटरच्या पाठीवर एक चकचकीत होलोग्रामचे स्टिकर चिकटवले. "भाभीजी, ये निकाला तो वॉरंटी गई," असे तो दोनदा बजावून गेला.

वर्ष सरताच त्या साइट पुन्हा उघडू लागल्या. फोन केल्यावर लायसन्स संपल्याचे उत्तर मिळाले, आम्ही नूतनीकरणाचे म्हणून यूपीआयने ३,६०० रुपये पाठवले आणि कोणी घरी न येता, राउटरला हात न लावता, काही मिनिटांत सारे पुन्हा बंद झाले. पुण्याला नेटवर्कचे काम करणारा माझा पुतण्या तेव्हा आमच्याकडे आला होता. त्याला हे खटकले. त्याने लॅपटॉपवर वाय-फाय जोडणीचा तपशील उघडला, तेव्हा डीएनएस सर्व्हरपुढे १.१.१.३ हा पत्ता दिसला.

ही क्लाउडफ्लेअर या कंपनीची कुटुंबांसाठीची सेवा असून ती १ एप्रिल २०२० पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. आपण साइटचे नाव टाइप करतो तेव्हा तिचा अंकी पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस करते, १.१.१.३ ही सेवा अश्लील आणि घातक साइटचा खरा पत्ता देतच नाही, त्यामुळे पान उघडत नाही. त्यात चित्रे तपासली जात नाहीत, लायसन्स नसते आणि वर्षही संपत नसते.

मग पुतण्याने ते स्टिकर सोलले. त्याच्याखाली राउटर कंपनीचेच लेबल होते, ज्यावर लॉगिनचे मूळ नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. तो पासवर्ड आता चालत नव्हता. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये राउटर नोंदवायला गेलो, तर तो आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेला असल्याचा संदेश आला. म्हणजे तो तंत्रज्ञ घरी न येता, दूरूनच आमच्या राउटरच्या सेटिंग बदलू शकत होता. नवे कुलूप बसवणाऱ्याने एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, तसाच हा प्रकार होता. पैशांपेक्षा मला हे अधिक लागले, की ज्याला मुलाच्या सुरक्षेसाठी बोलावले, त्यानेच पैसे काढण्यासाठी त्या साइट मुलासमोर जाणूनबुजून मोकळ्या केल्या.

दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय, लबाडीने असा शिरकाव करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. आम्ही यूपीआयची पावती, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि डीएनएसचा पत्ता व अ‍ॅपमधला संदेश दाखवणाऱ्या पडद्यांचे फोटो जोडून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील, तर १९३० या मदत क्रमांकावर आधी फोन करावा.

त्यानंतर राउटर फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणला. मात्र त्याआधी इंटरनेट पुरवणाऱ्याकडून जोडणीचे यूजरनेम आणि पासवर्ड अवश्य मागून घ्यावेत, नाहीतर इंटरनेटच बंद पडू शकते. मग लॉगिनचा पासवर्ड स्वतः बदलावा, तो कोणालाही सांगू नये, राउटर अ‍ॅपमध्ये आपल्याच खात्यावर नोंदवावा, दूरून नियंत्रणाची सोय बंद ठेवावी आणि डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरावे. याला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. काही पुरवठादारांच्या राउटरमध्ये डीएनएस बदलता येत नाही. तिथे प्रत्येक उपकरणात तो वेगळा भरावा लागतो.

एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, हेही त्या माणसाने सांगितले नव्हते. डीएनएसला साइटचे फक्त नाव कळते, यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ कसा आहे हे कळत नाही. त्यासाठी यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड वेगळा चालू करावा लागतो. मोबाइल डेटा सुरू केला की राउटरचे बंधन उरत नाही, आणि ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस म्हणून दुसरी सेवा निवडली तरी ते चुकवता येते. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस ही सेटिंग असते. तिथे कुटुंबांसाठीच्या सेवेचे नाव भरले, तर वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर ती लागू होते. मुलाच्या फोनवर गूगलचे फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचे अ‍ॅपही आम्ही लावले आहे, आणि तेही मोफतच आहे.