डबीवरचा आकडा आणि आतलं सोनं

डबीवरच्या ग्रेडच्या आकड्यावर विसंबून सोन्याचं जुनं नाणं महाग घेणं, या प्रकारात फसलेल्या माणसाकडे शेवटी जे उरतं ते नाणं बहुतेक वेळा खरं असतं. सोनं खरं, वजन बरोबर, सालही तेच. म्हणून फसवणूक झाली आहे हे कळायला वर्षं लागतात. विकायची वेळ येते तेव्हाच ते उघड होतं.

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. १९२४ सालचं अमेरिकेचं २० डॉलरचं सोन्याचं नाणं, म्हणजे सेंट-गॉडन्स डबल ईगल. सीलबंद पारदर्शक डबी, वर लेबल, लेबलवर ‘एमएस-६७’, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे हे सांगणारा ग्रेड. विक्रेता छापील किंमतपत्रिका पुढे करतो, त्यात ६७ च्या रकान्यातली किंमत दाखवतो आणि वर दहा टक्के सूट देतो. घेणारा खूश होऊन पैसे मोजतो. ती पत्रिका एका नामांकित कंपनीने ग्रेड केलेल्या नाण्यांची असते. डबी मात्र कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीची असते, कधी खुद्द विक्रेत्यानेच छापून घेतलेली.

आता हिशेब करू. डबल ईगलचं वजन ३३.४३६ ग्रॅम, कस हजारात ९००, म्हणजे शुद्ध सोनं ०.९६७५ ट्रॉय औंस (सोनं तोलायचं माप). सोन्याचा भाव औंसाला २,००० डॉलर धरला तर मोडीची किंमत १,९३५ डॉलर होते. १९२४ ची ४३ लाखांहून जास्त नाणी पाडली गेली आणि आजही ती भरपूर मिळतात. त्यामुळे एमएस-६२ किंवा ६३ चं नाणं मोडीच्या थोड्याच वर विकलं जातं. भाव खरा चढतो तो ६६ आणि ६७ ला. समजा ६७ म्हणून ६,००० डॉलर दिले आणि नाणं ६२ चं निघालं, तर परत विकताना दोन हजारांच्या आसपासच हाती येतात. बाकीचे चार हजार लेबलावरच्या आकड्याचे दिलेले असतात. सोनं महागलं की हे नुकसान झाकलं जातं, कारण नाणं ‘घेतलं त्या भावाला’ तरी जातं. तेवढ्याच पैशांचं साधं सोनं घेतलं असतं तर काय मिळालं असतं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

ग्रेडचा १ ते ७० हा आकडा शेल्डन मोजपट्टीवरून आला. ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली गेली होती. ६० आणि त्यावरचे आकडे न झिजलेल्या, चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी असतात. नाण्यांना ग्रेड देऊन डबीत बंद करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. बाजार या दोघींच्या आकड्यांना मान देतो, कारण ग्रेड आणि अस्सलपणा यांची त्या आर्थिक हमी देतात आणि त्यांचा आकडा बघून दुसरा व्यापारी पैसे मोजायला तयार असतो. हमी नसलेल्या डबीवरचा ६७ म्हणजे विक्रेत्याचं मत. अशी डबी पुढे आली की डबी नाहीच असं समजून उघड्या नाण्याची किंमत करा.

नाणं स्वतः बघायला शिकणं अवघड नाही. पाचपट मोठं दाखवणारं भिंग आणि एकाच बाजूने येणारा दिवा पुरतो. सोनं मऊ असतं आणि ही नाणी पोत्यांत एकमेकांवर आपटत प्रवास करत आली. पुढच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीची छाती आणि गुडघा, मागच्या बाजूला गरुडाचा पंख, आणि आजूबाजूची मोकळी सपाट जागा तपासा. तिथे नुसत्या डोळ्यांना खरचटे दिसत असतील तर ते नाणं ६७ नाही, लेबल काहीही म्हणो. छाती-गुडघ्यावर चमक तुटून रंग मंद झाला असेल तर ती झीज आहे. मग ६० सुद्धा मिळायला नको.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे: डबीच खोटी. पीसीजीएस आणि एनजीसीच्या हुबेहूब नकली डब्या २००८ च्या सुमारास बाजारात दिसू लागल्या. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक दुसऱ्या खऱ्या नाण्याचा चोरलेला असतो, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की साल आणि ग्रेड जुळतात आणि माणूस निर्धास्त होतो. एवढ्यावर थांबू नका. नोंदीबरोबर फोटो असेल तर त्यातला एखादा ठळक ओरखडा आपल्या नाण्यावर नेमक्या त्याच जागी आहे का बघा. ओरखडे नक्कल करणाऱ्याला जुळवता येत नाहीत. फोटो नसेल तर डबीची शिवण बघा: ताणाच्या पांढुरक्या खुणा, डिंकाचे थेंब, कोपऱ्याला चीर. खरी डबी उघडून आतलं नाणं बदलण्याचा उद्योगही चालतो.

त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या डबीतलं दुसरं डबल ईगल मिळालं तर दोन्ही डब्या तोलून बघा. एवढ्याच आकाराचं पितळेचं नाणं फक्त १६-१७ ग्रॅम भरतं, त्यामुळे फरक लगेच दिसतो. टंगस्टन मात्र फसवतं. त्याची घनता १९.२५, शुद्ध सोन्याची १९.३. म्हणून २४ कॅरटच्या आधुनिक नाण्यांत त्याचा धोका सगळ्यात मोठा. ९०० कसाच्या सोन्याची घनता १७.२ च्या आसपास असते, तिथे नुसतं टंगस्टन उलट जड भरतं. प्लास्टिकमधून विद्युतवाहकता मोजणारं यंत्र टंगस्टन पकडतं. पण १९६० आणि ७० च्या दशकांत लेबनॉनमधल्या बेरूतमध्ये खऱ्या सोन्यातच नकली सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याची नाणी) आणि अमेरिकन नाणी पाडली जात होती. ती वजन आणि यंत्र दोन्ही कसोट्यांत पास होतात. तिथे नक्षीच तपासावी लागते: कडेच्या दातांजवळ उठलेल्या बारीक रेषा, अक्षरांच्या बोथट कडा.

खरी डबी, खरं नाणं आणि तरीही तोटा, हेही घडतं. लेबलावर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ लिहिलेलं असेल तर नाणं घासून स्वच्छ केलेलं आहे, किंवा दागिन्यात बसवलेलं होतं, किंवा कडेला इजा आहे. त्याचा भाव आकड्याच्या रकान्यातून काढू नका. काही जण खरचट्यांवर पुट्टीसारखा लेप लावून ग्रेड मिळवतात. काही वर्षांनी तो लेप डबीच्या आतच धुरकट होतो.

नव्या नाण्यांत ७० आकड्याचा मोह असतो. ६९ आणि ७० मधला फरक भिंगातूनही क्वचितच दिसतो, पण पैसे फार वेगळे. ‘फर्स्ट स्ट्राइक’ लेबलचा अर्थ साच्यातून पडलेलं पहिलं नाणं असा नाही. प्रकाशनानंतरच्या ठरावीक मुदतीत ते मिळालं, एवढाच.

फोनवरून विकणारे एक गोष्ट हमखास सांगतात: १९३३ मध्ये अमेरिकी सरकारने सोनं जमा करून घेतलं, पण संग्राहकांची नाणी सोडली, म्हणून डबीतलं घ्या. आदेशात दुर्मीळ नाण्यांना सूट होती हे खरं. पण त्यात डबीचा किंवा ग्रेडचा उल्लेख असणं शक्यच नाही. डबीत बंद करून ग्रेड देणारी पीसीजीएस त्यानंतर ५३ वर्षांनी आली. ही भीती दाखवून निवृत्त माणसांची बचत ‘ग्रेडेड’ नाण्यांत वळवली जाते, आणि तेही मोडीच्या दुप्पट-तिप्पट दराने.

फसलात असं वाटलं तर डबी फोडू नका. फोडली की कंपनीची हमी संपते आणि पुरावाही जातो. दोन्ही बाजूंचे, लेबलाचे आणि शिवणीचे फोटो काढा. विक्रेत्याने दाखवलेली किंमतपत्रिका, पावती, संदेश जपून ठेवा. परतीची मागणी लेखी आणि मुदतीच्या आत करा. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेत तक्रारीची मुदत आधी विचारा. मग डबी आहे तशीच, विमा उतरवून, मोठ्या ग्रेडिंग कंपनीकडे तपासणीला पाठवा. दुसऱ्या कंपनीच्या डबीतलं नाणं त्यांच्या डबीत घालून घ्यायचं असेल आणि ती डबी ते स्वीकारत असतील, तर अर्जात किमान ग्रेड लिहा. तेवढा मिळाला नाही तर ते जुनी डबी न उघडता परत पाठवतात.