१७५ रुपये ८२ पैसे : हॉटेल बुकिंगचं अ‍ॅप, दहा महिन्यांनंतर

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. अटींची पानं वाचलीत तर एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी गत आहे.

दहा महिन्यांत सहा बुकिंग केली. पहिली पाच सुरळीत झाली. सोलापूरची खोली बरीच आधी रद्द केली होती, तिचं पूर्ण भाडं चार दिवसांत खात्यावर. इतका खूश होतो की भावजींनाही हेच अ‍ॅप घ्यायला लावलं. ते अजून ऐकवतात.

दिवाळीत आई-बाबांना घेऊन सांगलीहून गणपतीपुळ्याला निघालो. दोन खोल्या, दोन रात्री, पैसे महिनाभर आधी भरलेले. आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला टेकलो आणि मेसेज आला : हॉटेलने तुमचं बुकिंग रद्द केलं आहे. हॉटेलला फोन लावला. "आमच्याकडे खोल्या नव्हत्याच हो, त्यांच्याकडे कशा दाखवत होत्या देव जाणे." अ‍ॅपवाले म्हणाले, हॉटेलला विचारा. बाबा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "निघताना एक फोन केला असतास तर?"

मालगुंडात एका घरी सोय झाली, दीडपट पैशांत. तिथले मोदक असे होते की तो राग तिथेच विरला.

विरले नाहीत ते १७५ रुपये ८२ पैसे. परतावा आला तो तेवढ्याने कमी. १४९ रुपये 'कन्व्हिनियन्स फी', वर १८ टक्के जीएसटी २६ रुपये ८२ पैसे. ही फी 'कोणत्याही परिस्थितीत' परत मिळत नाही म्हणे. अरे, कुणाची सोय झाली? साखरप्यात उभ्याने पस्तीस फोन मी केले!

मग एका रात्री अटी वाचायला बसलो. आम्ही फक्त मध्यस्थ. खोली मिळेलच याची हमी नाही. अटी कधीही, न कळवता बदलू. वाद झाला तर गुरुग्रामच्याच कोर्टात. आणि मुक्कामाला ४८ तासांहून कमी उरले असताना मी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडं बुडालं. त्यांच्या बाजूने दोन तास आधी रद्द झालं तर 'क्षमस्व'.

ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये हे सरळ लिहिलंय : ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घ्यायचं, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसायचं. गुरुग्रामचं कलमही निव्वळ भीती घालायला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी शून्य. गंमत पुढे आहे. सेवेतली त्रुटी म्हटलं तर सांगलीत चालतं. पण 'हा करारच अन्यायकारक आहे' म्हटलं, की ते जिल्ह्याच्या अधिकारात नाही, थेट राज्य आयोगाकडे जावं लागतं. पावणेदोनशे रुपयांसाठी! बायको म्हणाली, "जा, येताना डबा कुठे खाणार तेवढं सांग."

(इथवर तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पुढचं आजचं.)

पैसे मिळाले. आधी अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. पोच आली, सोबत २०० 'कॉइन्स', ९० दिवसांत वापरायचे. नको म्हटलं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अकराव्या दिवशी १७५.८२ खात्यात जमा. अ‍ॅपवाल्यांची फोनवरची मुलगी बिचारी फार अदबीने बोलली, त्यामुळे एक तारा देणार होतो तो तीन करतोय.

करणार होतो. कारण पैसे आल्याच्या आनंदात जुन्या पावत्या उघडल्या, तर पाचपैकी चार बुकिंगांत पाच-पाच रुपये 'दान' गेलेले. त्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते, काढायची आपण. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात न विचारता बिलात काहीतरी सरकवणं हेही आहे. वीस रुपये गेले. दोन तारे.

अ‍ॅप मात्र काढलेलं नाही. फोटो आणि लोकांचे शेरे यासाठी चांगलं आहे, नकाशा तर उत्तम. पुढच्या महिन्यात दापोलीला जायचंय. हॉटेल त्यावर शोधलं, नंबर दुसरीकडून काढला आणि फोन केला. मालकांनी भाडं तीनशेने कमी सांगितलं. अ‍ॅडव्हान्स लगेच पाठवला आणि पावती मागितली.

"पावती कशाला? या की तुम्ही."

बाबांना अजून सांगितलेलं नाही.