मराठी बिलासाठी फॉन्टची मापं: पिक्सेलमध्ये मोजावीत की मूळ एककांत?

नौपाड्यातल्या फराळाच्या दुकानाला किंवा वाशीच्या एपीएमसीतल्या मसाल्याच्या गाळ्याला बिल मराठीत हवं असेल, तर थर्मल प्रिंटरमध्ये आधीपासून बसवलेल्या अक्षरांवर विसंबता येत नाही. त्यात बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. म्हणून ओळ आपणच रंगवायची आणि चित्र म्हणून प्रिंटरकडे धाडायची. खरा निर्णय त्यानंतरचा: अक्षराची रुंदी-उंची कुठल्या मापात मोजायची, लहान-मोठी कधी करायची आणि अपूर्णांक कुठे सोडायचा. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या टीमने बिलिंग सॉफ्टवेअर लिहायला घेतलं असेल, तर हे पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकावं. नंतर बदलायचं म्हटलं की छपाईचा सगळा कोड उसवावा लागतो.

आधी मूळ हिशेब. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौकोनावर आखलेलं असतं. चौकोनाच्या एका बाजूचे किती भाग पाडायचे हे फॉन्ट बनवणारा ठरवतो, बहुधा १००० किंवा २०४८. असा एक भाग म्हणजे एक एकक. एककांतल्या मापाला हव्या त्या पिक्सेल आकाराने गुणायचं आणि भागांच्या या संख्येने भागायचं, की पिक्सेलमधलं माप मिळतं. ही संख्या फॉन्ट फाइलमधूनच वाचा. कोडमध्ये १००० लिहून ठेवलं आणि उद्या गिऱ्हाइकाने २०४८ भागांचा फॉन्ट दिला, तर अक्षरं दुपटीहून मोठी होतील.

बिलाचा आकार समोर ठेवू. ५८ मिलिमीटरच्या कागदावर प्रत्यक्षात ४८ मिलिमीटर छापलं जातं. मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ओळीला ३८४ ठिपके. ८० मिलिमीटरच्या कागदावर ५७६. नऊ पॉइंटचं अक्षर या प्रिंटरवर साधारण २५ ठिपक्यांचं होतं.

पहिला मार्ग: आकार ठरवा, पूर्ण पिक्सेलमध्ये मोजा

फ्रीटाइपला (फॉन्टमधली अक्षरं रंगवून देणारी लायब्ररी) सांगायचं, ‘मला २५ पिक्सेलचा फॉन्ट दे’, हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या चौकटीवर बसवणं, चालू ठेवायचं आणि प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये घ्यायची. कोड थोडा, वेग चांगला, प्रत्येक अक्षर एकदाच रंगवून साठवून ठेवता येतं. नुसते आकडे किंवा इंग्रजी छापायचं असेल तर मी याच वाटेने आनंदाने जाईन. किमतीच्या रकान्यात आकडे सरळ एकाखाली एक आणणंही सोपं जातं.

मराठीचं गणित वेगळं आहे. समजा एका फॉन्टमध्ये काना २६० एककांचा आहे आणि चौकोन १०००चा. पडद्यावर १६ पिक्सेलला त्याची रुंदी येते ४.१६, ती पूर्णांकात आणली की ४. कागदावर २५ ठिपक्यांना येते ६.५, ती होते ७. म्हणजे तोच काना पडद्यावर जवळजवळ चार टक्के अरुंद आणि कागदावर जवळजवळ आठ टक्के रुंद. ‘काळा वाटाणा’ या दोन शब्दांत पाच काने आहेत. कागदावर नुसत्या कान्यांमुळे अडीच ठिपके वाढले. बाकीच्या अक्षरांची भर वेगळी. पडद्यावर एका ओळीत बसलेलं नाव कागदावर दोन ओळींत तुटतं, आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘दाखवलं एक, छापलं दुसरंच, असं कसं?’ त्याचं बरोबर असतं.

दुसरी अडचण शिरोरेषेची. रोमन लिपीत अक्षरं सुटी उभी असतात, अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झालेला कळत नाही. आपल्याकडे एका अक्षराची रेषा पुढच्या अक्षराच्या रेषेला भिडलीच पाहिजे. फॉन्ट बनवणारे त्यासाठी रेषा किंचित पुढे काढून ठेवतात. समजा ती १० एककं पुढे आहे, म्हणजे १६ पिक्सेलला ०.१६. अक्षराची रुंदी ९.५ असताना ती १० केली, तर रेषा ९.६६ वर संपते. पडद्यावर शेवटचा पिक्सेल पूर्ण काळा न होता दोन तृतीयांशच भरतो. प्रत्येक सांध्यावर असा फिकट ठिपका आला की शिरोरेषा अखंड न वाटता मणी ओवल्यासारखी दिसते.

दुसरा मार्ग: शेवटपर्यंत एककांतच राहा

इथे हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून जोडाक्षरं आणि मात्रांची जुळवणी फॉन्टच्या मूळ एककांत करून घ्यायची. ओळ कुठे तोडायची, रकान्यात नाव बसतं का, हे सगळं एककांतच ठरवायचं. पिक्सेल येतात ते अगदी शेवटी, रंगवताना. मग १६ पिक्सेल असो की २५ ठिपके, रकाना आणि अक्षर यांचं प्रमाण सारखं असेल तर ओळ त्याच जागी तुटते.

हार्फबझला भाषा मराठी असल्याचं जरूर सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आणि ‘कैऱ्यांचं लोणचं’ यातला ऱ्या नीट येतो का ते प्रत्येक फॉन्टमध्ये तपासा. या अक्षराबाबत मी तडजोड करणार नाही. मराठी गिऱ्हाइकाला मोडका ऱ्या देणं हे त्याचं नाव चुकवण्यासारखं आहे.

रंगवताना ओळीतल्या सगळ्या अक्षरांच्या बाह्यरेषा अपूर्णांकासहित आपापल्या जागी सरकवून एकत्र करायच्या आणि मग एकदाच भरायच्या. सांधे दिसत नाहीत. अक्षरं एकेक करून अर्धपारदर्शक रंगवली, तर सांध्यावर अर्धा अधिक अर्धा मिळून पूर्ण काळा होत नाही, पाऊणच होतो.

या मार्गाची किंमत आहे. अक्षर साठवून पुन्हा वापरणं कठीण होतं, कारण तेच अक्षर दर वेळी वेगळ्या अपूर्णांकावर पडतं. बिलासारख्या छोट्या कामात मला हे ओझं वाटत नाही. दुसरा धोका मात्र खरा आहे. ७० एककं जाडीची शिरोरेषा २५ ठिपक्यांना १.७५ ठिपके होते. प्रिंटरला राखाडी रंग ठाऊक नाही, त्यामुळे ओळ उभ्या दिशेने कुठल्या अपूर्णांकावर बसली त्यानुसार रेषा कधी दोन ठिपक्यांची येते, कधी एकाच. एकाच बिलात एक ओळ ठसठशीत आणि पुढची कृश दिसते.

म्हणून माझी शिफारस या दोघांच्या मधली आहे: आडव्या दिशेने अपूर्णांक जसाच्या तसा ठेवा, उभ्या दिशेने बेसलाइन (अक्षरांच्या पायाची रेषा) प्रत्येक ओळीत पूर्ण ठिपक्यावर आणा. फ्रीटाइपचं हलकं हिंटिंग नेमकं याच कामाचं आहे. ते फक्त उभ्या दिशेने अक्षर ठिपक्यांवर बसवतं, आडव्या रुंदीला हात लावत नाही. त्याच्या आपोआप हिंटिंग करणाऱ्या भागाला देवनागरी वेगळी लिपी म्हणून ओळखताही येते. हार्फबझला फ्रीटाइपमार्फत फॉन्ट देत असाल, तर आकार बदलल्यावर तसं हार्फबझला कळवायला विसरू नका, नाहीतर जुनीच मापं वापरली जातात.

ओळीची उंची

फॉन्टमध्ये उंचीच्या मापांचे तीन संच असतात. मॅक फॉन्ट फाइलमधल्या ‘एचएचईए’ नावाच्या तक्त्यातला संच मानतो. विंडोजची जुनी रंगवण्याची पद्धत ‘विन’ संच मानते आणि त्याबाहेर गेलेली शाई कापते. तिसरा ‘टायपो’ संच, जो एक विशिष्ट बिट चालू असेल तर विंडोजवर वापरला जातो. गूगल फॉन्ट्सच्या नियमांनुसार पहिला आणि तिसरा संच सारखा ठेवायचा, तो बिट चालू करायचा आणि ‘विन’मध्ये सर्वांत उंच व सर्वांत खोल आकृती मावेल एवढी जागा द्यायची. असा फॉन्ट निवडलात तर अर्धं काम झालं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने बनवलेला ‘मुक्त’ आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

दोन ओळींतलं अंतर आणि शाई कापण्याची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर ‘टायपो’वरून घ्या, म्हणजे कागद वाया जात नाही. सीमा ‘विन’वरून घ्या, म्हणजे काही कापलं जात नाही. तपासायला ‘तुर्भे’ पुरतं: खाली उकार, वर मात्रा आणि रफार. फ्रीटाइप एखाद्या आकाराला जी वरची-खालची मापं देतं ती पूर्ण पिक्सेलला वाढवलेली असतात. ती न घेता मूळ एककांतली मापं स्वतः गुणून घ्या.

तिसरा मार्ग: अंतराचा नकाशा

व्हॉल्व्ह कंपनीच्या क्रिस ग्रीन यांनी २००७च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलेली ही पद्धत. अक्षराचं चित्र न साठवता प्रत्येक बिंदूपासून कडेपर्यंतचं अंतर साठवायचं, मग एकाच नकाशातून ग्राफिक्स कार्ड अक्षर हवं तेवढं मोठं करतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या हॉटेलात टीव्हीवर सरकत, मोठा होत जाणारा मेनू दाखवायचा असेल तर हा मार्ग छान. साध्या नकाशात टोकं गोलावतात, तीन रंगांचा नकाशा वापरला तर ती धारदार राहतात. नकाशा युनिकोड अक्षरांचा न करता फॉन्टमधल्या आकृतीच्या क्रमांकांचा करा, कारण जोडाक्षराला स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. लहान आकारात, आणि बिलावर तर मुळीच, हा मार्ग घेऊ नका.

दुकानाच्या दारावरच्या सरकत्या एलईडी पाटीला तिन्ही मार्ग अपुरे पडतात. पी१० पॅनेलमध्ये (दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर असलेल्या) दिव्यांच्या १६च रांगा असतात आणि तेवढ्यात रफार व उकार दोन्ही मावत नाहीत. एकाच पॅनेलवर भागवायचं असेल तर अक्षरं हाताने ठिपका-ठिपका बसवून घ्यावी लागतील. जमलं तर दोन पॅनेल एकावर एक लावून ३२ रांगा घ्या, आणि मग दुसरा मार्गच वापरा.